मागच्या फाटकाचं कुलूप

बागेच्या पुढच्या फाटकावर नियमांची पाटी होती. फुलं तोडू नयेत, कुत्री आणू नयेत, चेंडू खेळू नये, असं करत करत ती शेवटच्या ओळीला पोचायची. ती ओळ नंतर कधीतरी, वेगळ्या रंगात रंगवलेली होती: बाकावर किंवा गवतावर आडवे होण्यास सक्त मनाई आहे. आक्का ती वाचून म्हणायची, "आडवे शब्द बंद. उभे चालतील." तिला शब्दकोड्यांचा नाद होता. रद्दीतल्या पेपरातली कोडी ती पेनावाचून मनातल्या मनात भरायची.

कुलूपवाला तिच्या बोलण्यावर हसायचा, पण पाटीवर नाही. पाटीने त्याला एकदा हिसका दाखवला होता.

आता त्या नियमाचं असं होतं. बसलेल्या माणसाला कोणी काही म्हणत नसे. पाय हलवत बसा, पेपर तोंडासमोर धरून डुलकी काढा, चालायचं. पाठ टेकली की गुन्हा. आणि तोही सगळ्यांना नव्हे. दुपारी जेवून आलेले कारकून गवतावर खुशाल लोळायचे, त्यांच्यावर शिट्टी कधी वाजली नाही. शिट्टी वाजायची ती ज्याच्या उशाला गाठोडं आहे त्याच्यावर. पहिल्यांदा सापडला तर नाव लिहून घेत आणि ताकीद देत. दुसऱ्यांदा सापडला तर कोठडी, आणि जवळ असेल ते सामान जप्त.

कुलूपवाल्याचं नाव लिहून झालं होतं. म्हणजे आता एकदाच सापडायचं बाकी होतं, आणि सापडला की त्याची पेटी जाणार होती.

पेटी लाकडी होती, मूठ घासून गुळगुळीत झालेली. वडिलांनी दिलेली. आत कानशी, पक्कड, तेलाची बुधली, आणि तारा ठोकून त्याने स्वतः बनवलेले आकडे, एकेका जातीच्या कुलपाला एकेक. असे आकडे बाजारात मिळत नाहीत. ते ज्याच्या त्याच्या हाताला घडवावे लागतात आणि हात म्हातारा झाला की पुन्हा घडवता येत नाहीत. त्याचे हात आता म्हातारे झाले होते.

एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्याचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याच्या पोटातला कोनाडा, पण वर फळी टाकून त्याने झोपायची सोय केली होती. बायको गेली, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, तेव्हापासून तो आणि फळी. मग इमारत पाडायला काढली. भाडेकरूंना कुठे कुठे जागा मिळाल्या. जिन्याखालचा माणूस कुणाच्याच मोजणीत नव्हता. इमारत पडली त्या दिवशी तो समोर उभा राहून बघत होता, आणि त्याच्या मनात आलं ते एवढंच, की दाराचं कुलूप चांगलं होतं, काढून घ्यायला हवं होतं.

इमारत पडली हे मुलीला ठाऊक होतं, बागेतलं काही ठाऊक नव्हतं. रविवारी तो न्हाव्याच्या दुकानातून तिला फोन करायचा. न्हाव्याचं शटर अडकलं की तो सोडवून द्यायचा आणि न्हावी त्याला फोन करू द्यायचा, असा दोघांचा हिशोब. मुलगी विचारायची, नवी जागा कशी आहे. तो म्हणायचा, हवेशीर आहे, समोरच बाग आहे. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो खऱ्यातलंच निवडून सांगायचा. तिच्याकडे दोन खोल्या. पुढच्या खोलीत तिचे सासरे अंथरुणाला खिळलेले, मुलं स्वयंपाकघरात झोपायची. तिला कळलं असतं तर तिने त्यातही बापासाठी जागा केली असती. त्याला भीती वाटायची ती त्याचीच.

आक्काची कथा निराळी आणि तशीच. ती घरोघरी राहून आजारी माणसांची सेवा करायची. अशा कामात राहायला मिळतं, जेवायला मिळतं, सगळं ठीक असतं, पण पेशंट गेला की नोकरीबरोबर छप्परही जातं. तेराव्याची माणसं दारात येण्याआधी आपण पिशवी भरलेली बरी, असं ती म्हणायची. शेवटचा पेशंट गेल्यावर तिला दुसरा मिळाला नाही, कारण आता तीच म्हातारी दिसायला लागली होती. "मला बघून लोक विचारतात, बाई कुणासाठी ठेवायचीय, की बाईसाठी कुणी ठेवायचंय," असं सांगून ती खोकत खोकत हसायची.

पण वर्षानुवर्षं आजाऱ्यांच्या उशाशी काढल्यामुळे तिची झोप मांजरासारखी झाली होती. पान पडलं तरी डोळा उघडायचा. हेच त्या दोघांच्या उपयोगी पडायचं. ती बागेतल्या अवजारांच्या खोलीमागे झोपायची, तो पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. उजाडता उजाडता गस्तीची गाडी पुढच्या फाटकाशी थांबली की आक्काला आधी कळायचं. ती एक खडा टाकीवर मारायची. टण् असा आवाज झाला की तो उठायचा, पेटी उचलायचा, आणि दोघं मागच्या फाटकाने गल्लीत. गस्तवाले पुढून आत येईपर्यंत इथे दोन सभ्य माणसं फिरायला निघालेली.

त्यांचं सगळं त्या मागच्या फाटकावर चाललं होतं. त्याचं कुलूप जुनं, गंजलेलं. रखवालदार संध्याकाळी ते कडीत अडकवायचा, किल्ली फिरवायचा आणि निघून जायचा, पण आतला खटका बसतच नसे. जरा हिसका दिला की कुलूप हातात. रखवालदाराला हे ठाऊक होतं का? त्याने कधी सांगितलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही.

एके दुपारी कुलूपवाला मागच्या फाटकाजवळच्या बाकावर बसला होता, उभ्या शब्दांसारखा ताठ. रखवालदार कुलपाशी झटापट करत होता. नवे साहेब तपासणीला येणार होते, आणि त्यांनी आल्या आल्या म्हणे सगळी फाटकं हलवून बघायची ठरवली होती. रखवालदार किल्ली फिरवे, कुलूप ओढे, ते निसटून येई, की तो त्याला शिव्या घाली. नोकरी जाईल म्हणाला. मुलगा शिकतोय म्हणाला. किल्ली पुन्हा करकरली.

कुलूपवाल्याला तो आवाज सहन होईना. गाणाऱ्याच्या कानाशी कोणी बेसूर गायला लागलं तर त्याचं जसं होईल तसं त्याचं झालं. हात शिवशिवायला लागले. तो उठला आणि म्हणाला, "आणा इकडे."

मग काय झालं ते त्यालाही नीट कळलं नाही. बाकावर फडकं पसरलं, कुलूप उघडून आतले भाग ओळीने मांडले, गंज खरवडला. मोडकी स्प्रिंग काढून पेटीतल्या तारेची नवी वळवली. खटक्याची धार कानशीने हळूहळू सरळ केली, फुंकर मारली, तेलाचे थेंब सोडले. ऊन पायांवरून सरकून गेलं तरी त्याने मान वर केली नाही. किती तरी महिन्यांनी तो कामाला बसला होता, आणि कामाला बसलेल्या माणसाला आपण कुठे झोपतो याची आठवण राहत नाही. सगळं जोडून त्याने किल्ली फिरवली.

खट्.

काय आवाज होता तो! रखवालदाराने कुलूप ओढलं, हिसकलं, लोंबकळून पाहिलं. हललं नाही. रखवालदार म्हणाला, "काका, हात आहे का काय आहे," आणि स्वतःच्या डब्यातलं अर्धं त्याच्यापुढे केलं. कुलूपवाला जेवला, खूश झाला, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी कपाट उघडायचं होतं तिकडे पेटी घेऊन चालता झाला.

संध्याकाळी तो गल्लीतून मागच्या फाटकाशी आला. दिवे नुकतेच लागले होते. सवयीने त्याने कुलपाला हिसका दिला.

कुलूप हललं नाही.

तो तिथेच उभा राहिला. आधी त्याला नुसतं बरं वाटलं, काम चोख झालं म्हणून. मग त्या बरं वाटण्याच्या मागून दुसरी गोष्ट हळूहळू चालत आली. स्वतःच्या हाताने त्याने स्वतःला बाहेर ठेवलं होतं. तेवढंच नाही. आक्का नेहमी बाग बंद व्हायच्या आधीच आत जाऊन अवजारांच्या खोलीमागे बसायची. ती आत होती, आणि पळायची वाट बंद झाली होती.

उघडायचं म्हटलं तर त्याला काय अवघड होतं? पण वडिलांचा एक नियम होता, पेटी देताना त्यांनी तोही दिला होता. दुसऱ्याचं कुलूप मालकासमोरच उघडायचं. मालक नसेल तर हात पाठीमागे. या नियमामुळेच तर लोक कुलूपवाल्याला घरात घेतात, नाहीतर त्याच्यात आणि चोरात फरक तो काय. आजवर त्याने तो मोडला नव्हता. निसटणारं कुलूप काढून आत जाणं वेगळं, आणि लागलेलं कुलूप उघडणं वेगळं. लोकांना हा फरक हसण्यासारखा वाटेल. त्याला वाटत नव्हता.

तो गल्लीपलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला, पेटी पोटाशी धरून. गस्त काही रोज येत नाही, असं त्याने स्वतःला समजावलं. पहाटे तोच आधी जागा होईल, काहीतरी करील. तो रात्रभर बसूनच राहिला आणि उजाडताना त्याचा डोळा लागला.

टण्, असा आवाज झाला.

आक्काने टाकीवर खडा मारला होता. तो तिथे नाही हे तिला माहीत नव्हतं. मग सपातांचा फटफट आवाज जवळ आला, आणि फाटकाच्या गजांमागे तिचा चेहरा दिसला. तिने कुलपाला हिसका दिला. पुन्हा दिला. मग तिला पलीकडे तो दिसला.

"हे कुणी केलं?"

"मी," तो म्हणाला.

आक्काने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, एखाद्या पेशंटने औषधाची बाटली उलटी केल्यावर बघावं तसं. "दादा, याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण." मागे बागेत शिट्टी वाजली. त्याने पेटी उघडली, तशी ती घाईने म्हणाली, "राहू दे. तुझी पेटी जाईल. माझ्याजवळ जायला काय आहे? एक चादर."

पण तिचंही नाव लिहून झालेलं होतं, आणि कोठडीच्या फरशीवर तिचा खोकला काय करील ते दोघांनाही कळत होतं. "हाताला उजेड येऊ द्या जरा," तो म्हणाला.

चांगलं दुरुस्त केलेलं कुलूप लवकर उघडत नाही. पहिला आकडा फिरला नाही. दुसरा अर्ध्यावर अडला, कारण ती स्प्रिंग त्याने मन लावून वळवली होती. त्याच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्या आकड्याला खटका मागे सरला, फाटक किरकिरलं, आणि आक्का गल्लीत आली. तिने त्याचा दंड धरून ओढला. तो म्हणाला, "तुम्ही चला पुढे, मी आलोच." ती कोपऱ्यावर वळली.

तो का गेला नाही? गल्ली मोकळी होती, पायही चालत होते. पण उघडलेलं कुलूप कडीत लोंबतं ठेवून जाणं त्याला जमेना. मालक नसताना त्याने ते उघडलं होतं. निदान होतं तसं लावून जावं. त्याने फाटक ओढलं, कुलूप अडकवलं, आकडा आत घातला. खट् असा आवाज झाला आणि त्याच वेळी, गल्लीतून मागून आलेल्या गस्तवाल्याचा हात खांद्यावर पडला.

कोर्टात गर्दी होती, आणि बहुतेक गर्दी त्याच्यासारखीच. न्यायाधीशबाई वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. त्यांनी पत्ता विचारला. तो म्हणाला, सध्या नाही. निवारा केंद्रात का गेला नाहीत, असं त्यांनी विचारलं. गेलो होतो, तो म्हणाला, तिथे राहत्या जागेचा दाखला मागतात. कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. बाईंनी कागदावरून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

मग अवजारांनी सरकारी कुलूप उघडल्याचं प्रकरण निघालं. गस्तवाल्याने सांगितलं, रंगेहाथ पकडला.

"मी उघडत नव्हतो," कुलूपवाला म्हणाला. "लावत होतो."

यावर सगळेच हसले. गस्तवालासुद्धा. खरं तेवढंच होतं. कुलूप कोणी दुरुस्त केलं असं रखवालदाराला विचारण्यात आलं. तो दाराजवळ टोपी हातात घेऊन उभा होता. त्याने साहेबांना सांगितलं होतं, की ते आपणच रीतसर करून घेतलं. तो टोपीकडे बघत म्हणाला, "आठवत नाही." त्याचा मुलगा शिकत होता. कुलूपवाल्याला त्याचा राग आला नाही. राग यायला जवळचं माणूस लागतं, आणि त्या खोलीत त्याच्या जवळचं कोणी नव्हतं.

बाईंनी शेवटी विचारलं, "तुमच्यासाठी हमी देणारं कोणी आहे का? मुलगा, मुलगी, कोणीही. पत्ता द्या. आज सोडते, पेटीही परत देते."

पेटी समोरच्या टेबलावर होती. मूठ त्याच्याच बाजूला होती. मुलीचा पत्ता त्याला झोपेतही पाठ होता. त्याच्या डोळ्यांपुढे दोन खोल्या आल्या, पुढच्या खोलीतली खाट आली, आणि दारात उभं राहून "बाबा, आत या ना" म्हणणारी ती आली.

"कोणी नाही," तो म्हणाला.

पेटी गुन्ह्याचं साधन म्हणून जप्त झाली. तो कोठडीत गेला.

कोठडीत एक गंमत होती. घंटा झाली की सगळ्यांनी आडवं व्हायलाच हवं असा तिथला नियम. जो बसून राही त्याच्यावर पहारेकरी ओरडायचा. ज्या गोष्टीसाठी त्याला धरलं होतं ती इथे सक्तीची होती. कुलूपवाला पाय लांब करून पडायचा, छपराकडे बघायचा आणि दाराचं कुलूप ऐकायचा. कोरडं पडलं होतं, तेल मागत होतं. त्याने कोणाला सांगितलं नाही. तिथे असताना एक रविवार येऊन गेला.

सुटल्यावर तो आधी न्हाव्याकडे गेला. मुलगी फोनवर आधी रागावली, मग रडली, मग म्हणाली, कुठे होतात एवढे दिवस. एका ठिकाणी मुक्काम होता, तो म्हणाला, मोठमोठी कुलपं होती. तिला बरं वाटलं. म्हणजे काम मिळतंय तर. बागेत फुलं आली असतील ना आता, असं तिने विचारलं. आली आहेत, तो म्हणाला. फोन ठेवताना दुसरा हात सवयीने पेटी उचलायला खाली गेला आणि तसाच वर आला.

संध्याकाळी तो बागेशी आला तेव्हा रखवालदार झारी आत ठेवत होता. त्याने कुलूपवाल्याला पाहिलं आणि हवेबद्दल बोलायला लागला. गार पडायला लागलंय म्हणाला. आक्काबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, त्या दिवसापासून फिरकल्या नाहीत. कोणी म्हणतं त्यांना पेशंट मिळाला, कोणी म्हणतं नदीकडच्या बागेत धरलं. कोण म्हणतं, ते त्याला सांगता येईना. मग त्याने किल्ल्यांचा जुडगा हातात घेतला.

कुलूपवाला गल्लीत जाऊन त्याच पायरीवर बसला. मांडीवर ठेवायला काही नव्हतं, म्हणून हात कुठे ठेवावेत ते कळेना. पलीकडे रखवालदार आला. त्याने फाटक ओढलं, कुलूप कडीत अडकवलं आणि किल्ली फिरवली. कुलूपवाल्याने डोळे मिटून ऐकलं. किल्ली निम्मीच फिरली. खट् झालं नाही.

रखवालदार गल्लीकडे न बघता निघून गेला.

दिवे लागल्यावर कुलूपवाला उठला. कुलूप अलगद हातात आलं. आत गेल्यावर त्याने फाटक लोटलं आणि कुलूप पुन्हा तसंच, न लागलेलं, कडीत अडकवून ठेवलं. टाकीपाशी येऊन त्याने एक खडा उचलला, अवजारांच्या खोलीच्या भिंतीवर मारला, आणि थांबला. त्या बाजूने काही आलं नाही, खोकलाही नाही.

त्याने चपला काढून एकावर एक ठेवल्या, पेटीच्या जागी, आणि त्यांवर डोकं ठेवून पाठ टेकली. चपला पेटीपेक्षा ठेंगण्या होत्या, मान खाली पडत होती. पाठीला मात्र जमीन लागली. झोप येत होती, पण पहाटे खडा मारायला आता कोणी नव्हतं. म्हणून तो पुढच्या फाटकाकडे कान लावून जागाच राहिला.